ग्रुप चालू आहे... टॉवर बंद असला तरी!

ना सिम, ना डेटा पॅक, ना कुठली कंपनी. रेडिओच्या लहरींवर चालणाऱ्या एका ग्रुप चॅटची ही गोष्ट. या पद्धतीने अख्ख्या फॅमिली ग्रुपला गुड मॉर्निंगचं फूल पाठवायचं म्हटलं तर ऑफिसची अख्खी शिफ्ट जाईल. तरीही मला तो हवाच आहे!

तुमच्या मोबाईलवर आत्ता, या क्षणी, किती ग्रुप आहेत? मोजा पाहू. ऑफिसचा एक. ऑफिसचाच, पण बॉसला वगळून काढलेला दुसरा. सोसायटीचा, शाळेचा, ट्रेकचा, आणि कुणाच्या तरी हळदीसाठी काढलेला, लग्नाला दोन वर्षं झाली तरी न मेलेला... माझ्याकडे एकोणतीस निघाले. त्यातला सगळ्यात बोलका म्हणजे आमच्या घरचा. मी पुण्यात नोकरीला असले तरी मूळची नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची. त्यामुळे ग्रुपचं नाव अर्थातच ‘कंधारकर फॅमिली’. मेंबर त्रेचाळीस, आणि पहाटे साडेपाचपासून फुलांचा पाऊस सुरू.

माझा तिसावा ग्रुप मात्र फोनवर नाहीच. तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर राहतो. त्यासाठी लागतो एक वायरलेस सेट, एक अँटेना, तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर आणि सरकारी लायसन्स. मेंबर सहा. सगळे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले.

हॅम हा शब्द ऐकून सँडविच आठवलं असेल तर तुम्ही एकटे नाही. पण ही जमात जुनी आहे आणि बऱ्यापैकी ग्लॅमरसही. राजीव गांधी हॅम होते, त्यांचा कॉलसाइन होता व्हीयू२आरजी. अमिताभ बच्चन यांचा व्हीयू२एएमवाय. कॉलसाइन म्हणजे सरकारने दिलेलं तुमचं हवेतलं नाव. जगात तेवढं एकच. टोपणनाव नाही, फेक प्रोफाइल नाही. जे बोलाल ते स्वतःच्या नावावर!

मोडेमचा नातू, वायरलेसचा जावई

हॅम लोक एरवी माइकवर बोलतात किंवा मोर्स कोडमध्ये कट्ट-कडकट्ट करतात. आमचा ग्रुप टाइप करतो. या प्रकाराला म्हणतात पॅकेट रेडिओ.

फंडा सिंपल आहे. तुम्ही कीबोर्डवर एक ओळ लिहिता. कॉम्प्युटर तिचं छोटंसं पाकीट करतो. पाकिटावर घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा कॉलसाइन, आत मजकूर, शेवटी तपासणीचा एक आकडा. मग त्या पाकिटाचं रूपांतर दोन सुरांमध्ये होतं, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा. हे सूर झपाट्याने आलटून पालटून वाजतात आणि रेडिओ ते हवेत सोडतो. कानाला ऐकू येतं ते फक्त ‘ब्रर्रप’! ज्यांनी डायल-अप इंटरनेटचे दिवस पाहिलेत, त्यांना तो आवाज ऐकून गहिवरून येईल.

पलीकडच्या कॉम्प्युटरने तपासणीचा आकडा जुळवला आणि तो बरोबर आला, की ‘पोचलं’ अशी पावती परत येते. आकडा चुकला, तर पाकीट केराच्या टोपलीत. पावती आली नाही की पाठवणारा पुन्हा पाठवतो. साधारण दहा वेळा प्रयत्न करतो आणि मग सरळ संबंध तोडतो. मशीन झालं म्हणून काय, सेल्फ-रिस्पेक्ट असतो की नाही?

ही कल्पना आजची नाही. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले, त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. १९७८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हौशी मंडळींनी हाच खेळ आपल्या सेटवर करून पाहिला. पुढे अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या एका हौशी गटाने पॅकेटचे डबे घरोघरी पोचवले. १९८४ मध्ये सगळ्यांसाठी एक समान नियमावली पक्की झाली, तिचं नाव एएक्स.२५. आमचा रविवारचा ग्रुप आजही त्याच नियमावलीवर चालतो. तुमच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर इतकं टिकलंय का, सांगा!

फळा आणि फळ्यामागची खोली

आता बुलेटिन बोर्ड. कुणाच्या तरी घरी चोवीस तास चालू असलेला एक कॉम्प्युटर, रेडिओला जोडलेला. ग्रामपंचायतीसमोरचा फळा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही रेडिओवरून त्याला ‘कनेक्ट’ करायचं, कुणी काय लिहून ठेवलंय ते वाचायचं, आपला निरोप ठेवायचा आणि निघायचं. ज्याच्यासाठी निरोप आहे तो रात्री अकराला आला तरी त्याला तो मिळणार.

आणि या फळ्यामागे एक खोली असते. तिचं नाव चॅट. एकाच वेळी चार-सहा जण कनेक्ट झाले, की तिथे बसून गप्पा मारायच्या. आम्ही वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे बीपीक्यू. ब्रिटन-अमेरिकेतल्या हौशी मंडळींची जाळी त्यावर आजही चालतात. त्यात ‘स्लॅश यू’ टाइप केलं की आत कोण कोण बसलंय ते दिसतं. ‘स्लॅश टी’ आणि पुढे विषयाचं नाव दिलं की त्या विषयाचा वेगळा कोपरा उघडतो. ‘स्लॅश बी’ म्हणजे बाय. बास, एवढंच शिकायचं. इमोजी नाहीत, निळ्या टिक नाहीत, ‘टायपिंग...’ असं दिसत नाही, आणि ‘लास्ट सीन’ची भांडणं तर नाहीतच.

दर रविवारी सकाळी नऊला आम्ही जमतो. फळा कोथरूडमधल्या एका मित्राच्या गच्चीखाली आहे. बाकीचे औंध, धायरी, हडपसर असे विखुरलेले. पहिल्या दिवशी मी लॉगिन झाले आणि स्क्रीनवर आलं:

‘या या. चहा झाला का >>’

ती शेवटची दोन बाणाची टोकं फार महत्त्वाची. त्यांचा अर्थ ‘माझं झालं, आता तुम्ही बोला’. जोवर ती येत नाहीत तोवर समजायचं, की माणूस अजून बोलतोय, थांबा. मी टाइप केलं, ‘झाला. तुमचा? >>’ आणि एंटर मारून वाट पाहिली. एक सेकंद, दोन, तीन... सेटमधून ब्रर्रप, ब्रर्रप, ब्रर्रप असे आवाज येत राहिले. काही बिघडलं की काय? बिघडलं काहीच नव्हतं. माझा चहा सगळ्यांना पोचवला जात होता!

एका ‘ओके’ची किंमत

ती वाट का पाहावी लागते, ते समजलं तेव्हा मी थक्क झाले.

आम्ही सहाही जण एकाच फ्रिक्वेन्सीवर असतो. म्हणजे रस्ता एकच, आणि त्यावरून एका वेळी एकच गाडी जाणार. त्यात पॅकेटमध्ये ‘कनेक्ट’ होणं हा दोघांमधला मामला असतो: मी आणि फळा, तो आणि फळा. त्यामुळे मी ‘ओके’ लिहिलं की ते आधी फळ्याकडे जातं. मग फळा ते उरलेल्या पाच जणांना पाच वेळा, वेगवेगळं पाठवतो. ही झाली सहा पाकिटं. प्रत्येकाची पावती वेगळी, म्हणजे आणखी सहा. एका ‘ओके’साठी हवेत बारा वेळा बोलावं लागतं!

वेग आहे सेकंदाला १२०० बिट. कॉलसाइन वगैरेचा पत्ताच वीसेक अक्षरांचा होतो. शिवाय सेटला बोलण्याआधी दम घ्यायला दर वेळी साधारण तीन दशांश सेकंद लागतो. गणित केलं तर दोन अक्षरांचा ‘ओके’ पाच सेकंद रस्ता अडवतो. साठ अक्षरांची ओळ आठेक सेकंद. तेही कुणी मध्ये कडमडलं नाही तर.

आणि कडमडणारे असतातच. सेट बोलण्याआधी ऐकतो, रस्ता मोकळा वाटला तरच निघतो. पण औंधवाल्याला मधल्या टेकड्यांमुळे धायरीवाली ऐकूच येत नाही. कोथरूडच्या फळ्याला मात्र दोघंही ऐकू येतात. दोघांनाही वाटतं रस्ता रिकामा आहे, दोघंही एकदम निघतात, आणि फळ्याच्या कानात नुसता कल्ला. मग दोघांनाही पुन्हा पाठवावं लागतं.

हाच हिशेब मी गंमत म्हणून ‘कंधारकर फॅमिली’ला लावून पाहिला. त्रेचाळीस जणांच्या ग्रुपवर एकाने ‘गुड मॉर्निंग’ लिहिलं तर चाळीसेक सेकंद जातील. सगळ्यांनी सगळ्यांना केलं तर जवळजवळ अर्धा तास. आणि काकू पाठवतात ते गुलाबाचं फूल? शंभर केबीचा फोटो धरला, तर एका माणसाला द्यायलाच अकरा मिनिटं. त्रेचाळीस जणांचा व्यवहार आठ तासांचा. नऊ ते पाच, फक्त गुलाब!

या किमतीमुळे माणसं वेगळी वागायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय. ‘हो’, ‘हम्म’, ‘हाहाहा’ असं कुणी सुटं सुटं टाकत नाही. चार तुकड्यांत सांगायचं ते आधी मनात जुळवून एका ओळीत लिहितात. आणि मुख्य म्हणजे, आत आल्या आल्या कुणी बोलायला सुरुवात करत नाही. आधी मिनिटभर वाचतात, काय चाललंय ते बघतात, मग बोलतात. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर हे एकदा तरी घडावं अशी माझी फार इच्छा आहे.

ऑफिसवरून आठवलं. हौशी रेडिओवर धंद्याचं बोलणं चालत नाही. नियमातच नाही! गाणी वाजवणं नाही, आणि मजकूर कुणाला कळू नये म्हणून गुप्त लिपीत लिहिणंही नाही. तुम्ही जे लिहाल ते ज्याच्याकडे सेट आहे तो कुणीही वाचू शकतो. म्हणजे प्रायव्हसी शून्य. पण रविवारी सकाळी ‘ते एक्सेल शीट पाठवता का’ असं विचारायची कुणाला परवानगी नाही, हे केवढं सुख!

मराठी महाग पडते

एक दुःखही आहे, तेही सांगते. आमचा सगळा गप्पांचा कारभार रोमन लिपीत चालतो. देवनागरीचं एक अक्षर कॉम्प्युटरमध्ये तीन बाइट खातं, रोमनचं एक. ‘कसं काय’ देवनागरीत पाठवलं तर एकोणीस बाइट, रोमनमध्ये आठ. जिथे प्रत्येक बाइट सगळ्यांचा वेळ खातो, तिथे माणूस आपोआप काटकसर करतो. जुन्या फळ्यांची सॉफ्टवेअरंही इंग्रजी अक्षरं धरूनच लिहिलेली. आपण मराठी माणसं एसएमएसच्या काळात ‘kay kartoys’ लिहायला शिकलो, ते इथे अजून चालू आहे.

थांबा, हा शब्द रोमनमध्ये छापला तर आमचे संपादक रागावतील. तर तो ‘काय करतोयस’ असा वाचावा!

आत्याची खबर

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मस्त टाइमपास आहे, पण हातात फोर-जी-फाइव्ह-जी असताना हे कशाला? त्याचं उत्तर पुण्यात नाही, कंधारमध्ये आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला ६.२ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. मराठवाड्यातली घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. झोपेत असलेल्या माणसांवर तीच घरं कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. माझी आत्या औसा तालुक्यातल्या एका गावात दिलेली. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळे हे सगळं मला काकांच्या तोंडून माहीत आहे.

कंधारलाही हादरा बसला, सगळे बाहेर आले. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं आणि आजीने हातातलं काम टाकलं. एसटीडी बूथवर रांग. लाइन लागेना. काका मिळेल त्या गाडीने लातूरला गेले, तिथून पुढे अडत-थांबत. इकडे आजी उंबऱ्यात. खबर तिसऱ्या दिवशी आली. आत्या वाचली होती. तिची सासू आणि धाकटा दीर गेले होते.

त्या दिवसांत किल्लारी-लातूर भागात संपर्काच्या कामाला जे लोक धावून आले, त्यांत हौशी रेडिओवालेही होते. पुढे २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपातही ते होते. डिसेंबर २००४ मध्ये तर वेगळंच घडलं. भारती प्रसाद ही हॅम आपल्या टीमबरोबर अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौसेचं स्टेशन चालवायला गेली होती, आणि २६ तारखेला त्सुनामी आली. हौसेचं स्टेशन त्या दिवसापासून मदतीचं स्टेशन झालं.

अशा वेळी आवाजावर बोलणं लवकर होतं. पण याद्या? ‘शिंदे, पांडुरंग, वय साठ’ हे खरखरीतून ऐकून कागदावर उतरवताना नाव चुकलं, तर कुणाच्या तरी घरी भलतीच खबर जाणार. इथे पॅकेट कामाला येतं. आकडा जुळल्याशिवाय ओळ स्क्रीनवर येतच नाही. आली तर लिहिली तशीच येते. शिवाय निरोप फळ्यावर राहतो, घेणारा तेव्हा सेटपाशी नसला तरी.

मी काकांना हे सगळं समजावून सांगितलं. वेग फार कमी आहे, एका वेळी एक-दोन ओळीच जातात, असंही म्हटलं. काका म्हणाले, “अगं, तवा कुणी एवढंच सांगितलं असतं, ‘हाय’ का ‘नाही’, तरी लय होतं.”

कंधार ते नांदेड, व्हाया लोहा

आणि हे फक्त १९९३ चं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कंधारच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत इतका पाऊस पडला, की हसनाळ, रावणगावसारखी गावं पाण्यात गेली आणि लष्कराला बोलवावं लागलं. त्या दिवशी ‘कंधारकर फॅमिली’वर एकही फूल आलं नाही. नुसते प्रश्न. ‘मुखेडचे पाहुणे कसे आहेत?’ ‘फोन लागतोय का?’ ‘कुणाला काही समजलं का?’ त्रेचाळीस जण विचारणारे, आणि ज्यांनी सांगायचं त्यांच्याकडे लाइट नाही, नेटवर्क नाही. वीज गेली, बॅटरी संपली, की टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा.

म्हणून गेल्या दिवाळीत मी घरी नकाशा पसरून बसले. कंधार मन्याड नदीच्या खोऱ्यात, बालाघाटच्या उंचसखल मुलखात. आमच्या या पट्ट्यातल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, टेकडीला वळसा घालत नाहीत. जमीन सपाट धरली आणि दोन्हीकडे दहा मीटर उंचीवर अँटेना लावल्या, तर पल्ला सव्वीस किलोमीटरच्या आसपास. नांदेड सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या वरच. म्हणजे थेट जमणार नाही.

पण मध्ये लोहा आहे. तिथल्या उंचवट्यावर तीसेक मीटरवर अँटेना गेली, तर कंधारही टप्प्यात आणि नांदेडही. पॅकेटचं एक छान आहे, मधल्या स्टेशनला माणूस लागत नाही. आलेलं पाकीट घ्यायचं आणि पुढे ढकलायचं, एवढंच काम. त्याला डिजिपीटर म्हणतात. लातूरपर्यंत जायचं तर लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. थोडक्यात, नांदेड-लातूर एसटी ज्या गावांवरून जाते तीच गावं! प्रत्येक टप्प्याला पाकीट त्याच फ्रिक्वेन्सीवर पुन्हा बोललं जातं, त्यामुळे वेग आणखी घटतो. एसटीसारखंच. पण पोचतं.

वीज? सेट आणि छोटा कॉम्प्युटर बारा व्होल्टवर चालतात. ट्रॅक्टरची बॅटरी कंधारमध्ये कुणाकडे नाही?

अडचण यंत्रांची नाहीच. अडचण ही आहे, की हे जाळं आपत्ती आल्यावर उभं करता येत नाही. पाणी गावात शिरल्यावर कुणी अँटेना चढवत नाही, आणि परीक्षा तर नाहीच देत. आधीपासून फ्रिक्वेन्सी ठरलेली हवी, माणसं एकमेकांना ओळखणारी हवीत, ‘>>’ येईपर्यंत थांबायची सवय हवी. आमचं रविवारी सकाळी नऊला जमून चहाच्या गप्पा मारणं असतं ते त्यासाठीच. दिसतं टाइमपास, असते तालीम.

माळवदावरून अंतराळात

त्याच दिवाळीत मी हातातला सेट आणि एक घडीची अँटेना कंधारला नेली होती. कारण कंधारमध्ये अजून फळा नसला, तरी एक डिजिपीटर दिवसातून काही वेळा आमच्या गावावरून फुकट जातो. चारशे किलोमीटर उंचीवरून! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओचा सेट आहे आणि तो बहुतेक वेळा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट घेतो आणि परत खाली सोडतो. स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटं. तेवढ्यात जेवढं बोलायचं तेवढं.

संध्याकाळी मी माळवदावर चढले. सेटला फोन जोडला, त्यात एक पॅकेट वाचणारं अ‍ॅप टाकलं होतं. खालून काका ओरडले, “काय करायलीस गं वर?”

“स्टेशन यायलंय, काका.”

“कंधारला कुठलं स्टेशन आलं? इथं रेल्वे बी नाही!”

मग भाचा वर आला, त्याच्या मागे काका. बरोबर ठरल्या मिनिटाला पश्चिमेकडून एक ठिपका उगवला आणि सेटमधून ओळखीचं ‘ब्रर्रप’ आलं. स्क्रीनवर एक ओळ. मग दुसरी. कुणी दक्षिणेकडचा, कुणी उत्तरेकडचा, जो तो एकेक ओळ टाकतोय आणि ती वरून सगळ्यांना ऐकू येतेय. इथे कनेक्ट होणं नाही, पावतीचा भरवसा नाही. पण एकदा बोललेलं एकाच वेळी सगळ्यांच्या घरात उतरतं. ओळ जास्तीत जास्त ६७ अक्षरांची. मी लिहिलं, कंधारहून नमस्कार. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा माझीच ओळ परत आली, आणि मध्ये स्थानकाच्या कॉलसाइनपुढे छोटीशी चांदणी. ती चांदणी म्हणजे खूण, की ही ओळ वरून जाऊन आली.

दोन मिनिटांनी एका अनोळखी कॉलसाइनने उत्तर दिलं. नमस्कार, ऐकू आलं, ७३. हॅम मंडळींच्या भाषेत ७३ म्हणजे शुभेच्छा. ठिपका पूर्वेकडे उतरला आणि सेट गप्प झाला.

भाच्याने विचारलं, “आता पुन्हा कधी येईल?”

“दीड तासाने. पण तेव्हा लांबून जाईल.”

काका बराच वेळ आकाशाकडे बघत होते. मग म्हणाले, “ह्याला महिन्याचे किती पडतात?”

तुम्हाला यायचंय?

नांदेड-लातूरची कितीतरी तरुण मंडळी आज पुण्या-मुंबईत, हैदराबादेत कीबोर्ड बडवतात. म्हणून ही यादी खास त्यांच्यासाठी.

एक, लायसन्स. सेट हवेत बोलता करण्याआधी ते हवंच. वय बारा पूर्ण असलं की केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. विषय दोन, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि रेडिओचे नियम. बारावी सायन्स केलेल्याला अवघड नाही, बाकीच्यांनाही महिनाभर संध्याकाळी बसलं की जमतं. गाव सोडून शहरात आलेल्यांनी आपल्या गावातल्या एखाद्या शाळकरी पोराला हे पुस्तक धरून शिकवलं, तर आणखी उत्तम. कारण पूर येईल तेव्हा तुम्ही हिंजवडीत असाल, तो तिथे असेल.

दोन, यंत्र. पूर्वी पॅकेटसाठी वेगळा डबा घ्यावा लागायचा. आता तेच काम ‘डायर वुल्फ’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय असला की झालं. फोन वापरायचा तर एपीआरएसड्रॉइड नावाचं अ‍ॅप आहे.

तीन, माणसं. हे सगळ्यात अवघड. एकट्याने कनेक्ट होऊन चालत नाही, समोर कुणी तरी हवं. निदान तिघं जमवा, एक वेळ ठरवा, आणि कंटाळा आला तरी ती पाळा.

माझा भाचा आता अकरा वर्षांचा आहे. परीक्षेला एक वर्ष अवकाश. तोवर त्याने ‘कंधारकर फॅमिली’ ग्रुपवर एक नवी पद्धत पाडली आहे. मेसेज संपला की तो शेवटी दोन बाणाची टोकं टाकतो. परवा काकूंनी गुलाबाचं फूल पाठवलं, खाली शुभ सकाळ, आणि त्याखाली तीच दोन टोकं.

तर मग, माझं झालं. आता तुम्ही बोला >>